गिरणीमावशींची मूठ

मावशी कुणाच्याही घरी गेल्या की स्वयंपाकघराकडे पाठ करून बसत. आमच्या कॉलनीतली घरं दोन खोल्यांची. बाहेर बसलं तरी आतली फळी, फळीवरचे डबे, स्टोव्हवरचं पातेलं सगळं दिसायचं. मावशी खुर्ची असली तर खुर्ची फिरवून घेत, चटई असली तर चटई, आणि रस्त्याकडे तोंड करून बसत. नवीन माणसाला वाटे बाई रुसलीय. मला त्यांनी एकदा सांगितलं, "दुसऱ्याच्या फळीकडं बघू नाय. आपण बघतो, अन् मग तिला डबे पुसायला लागतात."

दुसरी सवय म्हणजे "जेवलात का?" हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. आमच्याकडे माणूस भेटला की पहिला प्रश्न तोच. मावशींचं म्हणणं, "जेवलेला असल तर इचारून काय उपयोग? अन् नसल तर त्याला खोटं बोलायला लावायचं." त्या विचारत, "बरी हायेस?" उत्तर आलं तर ऐकत, नाही आलं तर पुढे चालू लागत.

नाशिकरोडला आमच्या कॉलनीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती आणि मावशी ती चालवत. मालक शेठ गावात राहायचे, आठवड्यातून एकदा यायचे. मावशींचा नवरा आधी त्या गिरणीत कामाला होता. तो गेल्यावर शेठनी नवीन माणूस शोधायचा कंटाळा केला आणि पट्टा चढवायचं काम मावशींच्या हातात आलं ते कायमचं. पापण्यांपासून पायाच्या नखांपर्यंत बाई पांढरी. गिरणीच्या भिंतीवर बुद्धाचा एक फोटो होता, तोही पांढरा. मी एकदा ओल्या फडक्याने पुसायला गेले तर म्हणाल्या, "नको, खळ व्हईल." त्या फोटोला बसलेली खळ त्यांनी स्वतःच एकदा खरवडून काढली असणार.

मी तेव्हा चोवीस वर्षांची, म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात नर्स. मावशींच्या शेजारची खोली माझी, सुटी असली की मी गिरणीत त्यांच्या हाताशी असायची. कॉलनीत कारखान्यात जाणारे होते, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात जाणारे होते, रेल्वेतले होते, कारकून होते, आणि कशातच कायम नसलेलेही होते. आमच्या आळीत बौद्ध घरं जास्त, पलीकडच्या आळीत बाकीचे. नळ दोन होते. गिरणी एकच होती.

त्र्याहत्तर सालची गोष्ट. दुष्काळाचं वर्ष. आदल्या पावसाळ्यात पाऊस झालेला नव्हता, बाजारातलं धान्य हात लावू देत नव्हतं, आणि कॉलनी रेशनच्या दुकानावर जगत होती. दुकानात लाल मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी, मिळायचा, कधी गहू. मिलोची भाकरी थापताना फाटायची आणि खाताना घशात अडकायची, पण मिळत होती. मग एका आठवड्यात दुकानदाराने फळ्यावर खडूने लिहिलं, "माल आला नाही." पुढच्या आठवड्यातही तेच. तिसऱ्या आठवड्यात त्याने दुकान उघडायचंच बंद केलं, फळा मात्र बाहेर ठेवला. बायका सकाळी पिशव्या घेऊन जायच्या, फळा वाचायच्या आणि परत यायच्या. वाचता न येणाऱ्याही लांबूनच ओळखायच्या. दवाखान्यात मी मुलांची वजनं करत होते, त्यामुळे काय चाललंय ते मला काट्यावर दिसत होतं. मावशींना गिरणीत दिसत होतं.

गिरणीवालीला कॉलनीतलं सगळं कळतं. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाच्या मुलीचं ठरतंय, कुणी गव्हात मिलो मिसळायला लागलंय. आणि कुणाचा डबा येईनासा झालाय. मावशी म्हणायच्या, "डबा चार दिवस उशिरा आला तर सासू आजारी. आठ दिवस नाय आला तर घरात दाणा नाय."

त्यांनी पहिल्यांदा मूठ सुरू केली. रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्या उभ्या राहिल्या. बोलायची सवय नव्हती, दोनच वाक्यं बोलल्या: "ज्याचा डबा दळायला येईल त्यातली एक मूठ मी काढून ठेवणार. ज्याला नको असल त्यानं आत्ताच सांगा." कुणी काही बोललं नाही. मग पलीकडच्या आळीत घरोघर जाऊन, स्वयंपाकघराकडे पाठ करून, हेच सांगून आल्या. गिरणीच्या मागच्या बाजूला एक पिंप ठेवलं. डबा नंबराला आला की मावशी झाकण काढत, हात आत घालत, मूठ भरत आणि पिंपावर नेऊन उघडत. मगच डबा वरच्या नरसाळ्यात ओतत.

कलाबाई म्हणून एक होत्या, रेल्वेतल्या गँगमनची बायको. जिभेला हाड नाही. त्या रांगेतून ओरडायच्या, "मावशी, मूठ रोज वाढत चाललीय तुमची! हाताला सूज आली का?"

"तुझ्या डब्यात हात घातला की सुजतो गं," मावशी मागे न बघता म्हणायच्या. "बाकीच्यांच्या डब्यात बरा असतो."

मूठ घेणं सोपं होतं. द्यायचं कसं, हा प्रश्न होता. विहाराच्या दारात पिंप ठेवून "या, घेऊन जा" म्हटलं असतं तर आमच्या आळीतली चार माणसं आली असती, पलीकडच्या आळीतून एक आलं नसतं आणि ज्याला सर्वांत जास्त गरज तो तर नक्कीच नाही. ही गोष्ट मला नर्स असून कळली नव्हती. मी मावशींना सुचवलं होतं की यादी करू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

त्यांनी काय केलं ते मला बऱ्याच उशिरा कळलं, पण इथेच सांगते. आधी त्यांनी सांगितलं की दळण फक्त वनस्पती तुपाच्या मोठ्या डब्यात आणायचं, स्टीलचे नावं घातलेले डबे चालणार नाहीत, "शेठचा हुकूम हाय." शेठना याचा पत्ता नव्हता. त्यामुळे रांगेतले सगळे डबे सारखे दिसायला लागले. मग ज्या घरचा डबा यायचा थांबला होता त्या घरी त्या गेल्या. घरातल्या बाईला म्हणाल्या, उद्यापासून डबा घेऊन रांगेत यायचं. रिकामा डबा वाजतो आणि उचलताना हलका लागतो, म्हणून रुळांजवळची थोडी खडी आणायची, धुवायची, फडक्यात घट्ट गाठ मारून बांधायची आणि डब्यात ठेवायची. झाकण लावायचं. बाकीचं मी बघते.

असा डबा नंबराला आला की मावशी रांगेकडे पाठ करत, झाकण काढत, हात आत घालत. फडकं हाताला लागे. मग त्या बंद मूठ बाहेर काढत, पिंपावर नेत आणि उघडत. मुठीत काही नसे. रांगेला फक्त मावशींची पाठ आणि कोपर दिसे, जसं प्रत्येकीच्या वेळी दिसे. मग तो डबा खाली ठेवून मागचा दुसरा, पिंपातल्या धान्याने भरलेला डबा उचलायचा आणि नरसाळ्यात ओतायचा. पीठ भरताना खडीचं गाठोडं तळाशी परत. कोण देतंय आणि कोण घेतंय हे गिरणीत उभ्या असलेल्या चाळीस बायकांना कळत नव्हतं. पीठ पाहून तर नाहीच. मावशी म्हणायच्या, "पीठ झालं की कुणाचा गहू अन् कुणाची ज्वारी, सांग बरं वेगळी करून."

पलीकडच्या आळीत हेडक्लार्कच्या बाई राहायच्या. नवरा एका ऑफिसात हेडक्लार्क होता म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणत. इस्त्रीची साडी, बोलणं शुद्ध. रेशनचा मिलो निघाला तेव्हा नळावर म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे नाही बाई ते खपत. जनावरांचं खाणं ते." मावशींशी त्यांचं बोलणं गिरणीपुरतं. मावशी मुठीचं सांगायला त्यांच्या दारात गेल्या तेव्हा त्यांनी बसायला चटई दिली होती, पाणी विचारलं नव्हतं. मावशींना त्याचं काही वाटलं की नाही, कोण जाणे. मी विचारलं नाही.

त्या हेडक्लार्कना ऑफिसने सस्पेंड केलं होतं. गृहस्थ रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन निघत आणि दिवसभर स्टेशनवर बाकावर बसून परत येत. थोरल्या मुलीचं ओझरला विमानाच्या कारखान्यात लागलेल्या मुलाशी ठरलेलं होतं. मुलाकडच्यांना कळलं असतं तर ते लग्न मोडलं असतं. हे तेव्हा कॉलनीत एकट्या मावशींना माहीत होतं, कारण त्या घरचा डबा आठ दिवस आला नाही म्हणून त्या तिथे गेल्या होत्या.

मग मावशींना मलेरिया झाला. मीच गोळ्या दिल्या. दोन दिवस त्या तशाच उभ्या राहिल्या, तिसऱ्या दिवशी दुपारी थंडी भरून आली तेव्हा पोत्यांवर गोधडी घेऊन पडल्या आणि मला म्हणाल्या, "नर्सबाई, आजच्या दिवस उभी राहा. तुला पट्टा ठावं हाय. येकच सांगते. परत्येक डब्यात आधी हात घाल, मग वत. हाताला फडकं लागलं तर वतायचं नाय, मला उठवायचं. का म्हणून इचारू नको."

मी विचारलं नाही. मला वाटलं, कुणी धान्यात कडुनिंबाचा पाला बांधून ठेवत असेल.

वीज पाचला जायची. रांगेत पंचवीसेक डबे. एक बाई म्हणाली, "वीज आमच्या एकलहऱ्याला तयार होते, अन् अंधार पण आम्हालाच!" कलाबाई म्हणाल्या, "सिस्टर, सुई टोचताना बरा चालतो तुमचा हात. इथं काय झालं?" मी पंधरा-सोळा डब्यांत नीट हात घातला, मूठ काढली, पिंपात टाकली. घड्याळात पावणेपाच झाले. मागून सगळ्या ओरडत होत्या, "हात चालवा, वीज जाईल." मी मनाशी म्हटलं, एका डब्यातली मूठ राहिली तर काय बिघडतं. पुढचा डबा उचलला, झाकण काढलं आणि सरळ ओतला.

फडक्याची गाठ सैल होती. खडी आधी पत्र्यावर वाजली, मग आत गेली. तो आवाज मला शब्दांत सांगता येत नाही, सांगायची गरजही नाही. खालून ठिणग्या उडाल्या, दगड जळाल्याचा वास आला, पट्टा सुटून भिंतीवर आपटला आणि गिरणी थांबली. वरचा दगड मधून तडकला होता. नरसाळ्याच्या काठावर फडकं लोंबत राहिलं. निळ्या जमिनीवर पिवळी फुलं. त्या कापडाचा ब्लाउज हेडक्लार्कच्या बाई घालायच्या, सगळ्यांनी पाहिला होता.

बाई रांगेतच होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, ही माझी दुसरी चूक. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता.

मावशी गोधडीतून कधी उठल्या ते मला दिसलं नाही. त्यांनी ते फडकं ओढून कमरेला खोचलं आणि रांगेकडे वळून म्हणाल्या, "माझा डबा हाय त्यो. दगड गुळगुळीत झालाय, त्याला टाकी लावायची म्हणून खडी घासून बघायला आणली होती. तापात इसरले अन् रांगेत ठेवला."

कलाबाई सगळ्यांत पुढे उभ्या होत्या. त्यांनी मावशींच्या कमरेकडे पाहिलं, मग मागे वळून एकदा पाहिलं, आणि कमरेवर हात ठेवून ओरडल्या, "म्हातारचळ लागला का मावशी? आमचं दळण राहिलं बाजूला आणि तुम्ही खडी दळत बसलात! आता खडीच्या भाकरी थापू का?" कुणीतरी हसलं. मग सगळ्याच मावशींना बोलायला लागल्या. कलाबाईंना कळलं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यानंतर वीस वर्षांत त्यांनी त्या फडक्याचा विषय काढला नाही, आणि त्यांनी न काढलेला दुसरा विषय कॉलनीत नाही.

मी म्हणणार होते की ओतलं मी. मावशींनी माझा दंड धरला. हात तापलेला होता. हळू आवाजात म्हणाल्या, "तू सरकारी नोकरीत. शेठला तुझं नाव कळलं तर दवाखान्यात अर्ज करील. गप ऱ्हा." मी गप्प राहिले. शहाणपण त्यांचं होतं आणि सोय माझी.

बायका आपापले डबे घेऊन न दळताच घरी गेल्या. हेडक्लार्कच्या बाई रिकाम्या हाताने गेल्या. त्यांचा डबा आता मावशींचा झाला होता. मावशींनी ते फडकं चुलीत घातलं, पिंपातलं धान्य डब्यात भरलं आणि डबा माझ्या डोक्यावर दिला, कारण त्यांना उभंही राहवत नव्हतं. पलीकडच्या आळीच्या कोपऱ्यावर आल्यावर डबा माझ्याकडून घेतला. "तू हितंच थांब. तुझं तोंड दिसलं तर ती उद्यापास्नं नळावर याची नाय."

मी कोपऱ्यावर थांबले. बऱ्याच वेळाने मावशी परत आल्या, एका हाताने भिंत धरत. मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काय म्हणंल? काय नाय." थोडं चालून गेल्यावर म्हणाल्या, "पाणी पिऊन आले."

दुसऱ्या दिवशी शेठ आले. तडकलेला दगड पाहिला, मावशींचं ऐकून घेतलं आणि त्यांना कामावरून काढलं. शेठ वाईट माणूस नव्हते. नवीन दगड आणायला वेळ लागणार होता, गिरणी बंद राहणार होती आणि कुणाला तरी काढणं त्यांना भाग वाटलं. मी दवाखान्यात होते. संध्याकाळी आले तर मावशींनी खोली आवरून ठेवली होती. त्यांची मुलगी ओझरला दिलेली होती, तिच्याकडे जायचं ठरलं.

पिंपात राहिलेलं धान्य त्यांनी जायच्या आधी सहा घरी पोहोचवलं. कोणत्या सहा, ते मला सांगितलं नाही. त्या आठवड्यात कॉलनीतल्या निम्म्या घरांत भिजवलेले गहू शिजवून खाल्ले. पुढच्या आठवड्यात फळा पुसला गेला, रेशनचा माल आला.

बसस्टँडवर मी त्यांना सोडायला गेले. एक ट्रंक, एक वळकटी. त्यांचे केस तेव्हा पहिल्यांदा धुतलेले पाहिले. काळे होते, बरेचसे. मला वाटत होतं बाई म्हातारी आहे. मी म्हटलं, "मावशी, माझ्यामुळे झालं."

त्या म्हणाल्या, "व्हय. तुझ्यामुळंच झालं." ट्रंक पायाशी ओढून घेत म्हणाल्या, "पण गाठ तिची सैल होती, अन् का ते तुला मी सांगितलं नव्हतं. तिघींचं हाय ते. येकटीनं घेऊ नको." बस आली. खिडकीशी जागा मिळाली तरी त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या नाहीत. आत कुणाचं तरी तान्हं मूल होतं, त्याच्याकडे बघत बसल्या.

हेडक्लार्कच्या मुलीचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. गृहस्थांना ऑफिसने परत घेतलं. आमच्या आळीत पत्रिका आली ती फक्त माझ्या खोलीवर. मी गेले, जेवले, परत आले. पंगतीत बाईंनी मला दोनदा आग्रह केला. आम्ही एकमेकींना काही विचारलं नाही. मुलगी ओझरला नांदायला गेली, म्हणजे मावशी राहत होत्या त्याच गावात. त्या दोघी कधी भेटल्या का, माहीत नाही.

मी ओझरला दोनदा गेले. पहिल्यांदा मावशी घरी नव्हत्या. दुसऱ्यांदा होत्या. मी स्वयंपाकघराकडे पाठ करून बसले तेव्हा हसल्या. त्यानंतर जायचं राहिलं. ड्यूटी असायची. ऐंशीनंतर केव्हातरी मुलीचं पोस्टकार्ड आलं की आई जाऊन महिना झाला. कार्ड मला दवाखान्यात मिळालं, लसीकरणाचा दिवस होता. वाचलं, अ‍ॅप्रनच्या खिशात ठेवलं आणि पुढच्या मुलाला काट्यावर घेतलं. वजन बरं होतं. रडू आलं नाही, तेव्हाही आणि नंतरही. येईल असं वाटून मी काही दिवस वाट पाहिली.

त्यानंतर काही वर्षांनी रेशनच्या दुकानाबाहेर पुन्हा तो फळा लागला. दुष्काळ नव्हता तेवढा, पण माल नव्हता, आणि पोटाला कारण सांगून चालत नाही. गिरणी तोवर कॉलनीतल्या महिला मंडळाने चालवायला घेतली होती आणि संध्याकाळी मी तिथे असायची. मी बायकांना सांगितलं, डबे सगळ्यांनी सारखे आणायचे. मूठ काढली जाईल. पिंप मागे ठेवलं. मग डबा येईनासा झालेल्या दोन-चार घरी गेले आणि खडीचं सांगून आले. आणखी कुणी कुणाला सांगितलं ते मी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी बत्तीस डबे होते. कलाबाई पुढेच होत्या, आता दात पडलेले. "सिस्टर, आज तरी गहू दळा हां, खडी नको," म्हणाल्या. मी घड्याळ काढून फळीवर ठेवलं, उलटं करून. एकेक झाकण काढत गेले, हात घालत गेले.

एकोणिसावा की विसावा डबा. झाकण काढलं, रांगेकडे पाठ केली, हात आत घातला. फडकं लागलं. गाठ चाचपून पाहिली, पक्की होती. डबा कुणाचा हे पाहायला मी मान वर केली नाही. बंद मूठ बाहेर काढली, पिंपावर नेली आणि उघडली.